मुंबई–नागपूर दीड तास. आणि रिठदहून?

मुंबई ते नागपूर अंतर किती? प्रश्न साधा आहे, पण त्याची चार उत्तरं आहेत आणि चारही खरी आहेत. रेल्वेला विचाराल तर मुंबई सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर. जुन्या रस्त्याने गेलात तर आठशेच्या वर, कोणत्या घाटाने आणि कोणत्या वळणाने जाता त्यावर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. आणि नकाशावर पट्टी ठेवून सांताक्रूझच्या धावपट्टीपासून सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ मारली, तर साधारण ६८५.

शेवटच्या दोन आकड्यांकडे जरा बघा. रस्ता ७०१ आणि विमानाची रेघ ६८५. समृद्धी एका टोकाला भिवंडीजवळच्या आमणेला संपतो, तिथून मुंबई अजून पुढे आहे, हे मान्य. तरीही सह्याद्री, अजिंठ्याचे डोंगर आणि इतक्या नद्या मध्ये असताना जमिनीवरचा रस्ता विमानाच्या रेघेच्या इतका जवळ येणं ही लहान गोष्ट नाही. ही रेघ कोणी, कधी आणि कशासाठी सरळ केली, त्याचा इतिहास आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा करतो, कारण आजकाल पोरं मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकतात आणि येईल तो आकडा ब्रह्मवाक्य धरतात. अंतर दाखवणाऱ्या बऱ्याच साइट काय करतात? दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वी गोल आहे हे धरून दोघांतलं कमीत कमी अंतर काढतात, त्याला विमानाच्या ठोकळ वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याची अर्धा तास वगैरे भर घालतात. झाली उड्डाणाची वेळ तयार. प्रत्यक्षात विमान कंपनी तिकिटावर जी वेळ छापते ती वेगळी असते. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गावी जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ. त्यात मुंबईच्या धावपट्टीवर रांगेत उभं राहणं आलं, आकाशात घिरट्या मारणं आलं. म्हणून मुंबई–नागपूर विमान हवेत जेमतेम सव्वा तास असलं तरी तिकिटावर दीड तास किंवा थोडं जास्त दिसतं. शिवाय हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी लागतो आणि मुंबईला येताना तोंडावर. म्हणजे जायला आणि यायला लागणारी वेळसुद्धा सारखी नाही.

असो. तर ही सरळ रेघ आपल्या भागात नेमकी कुठून जाते? मी पट्टी ठेवून बघितलं. पातूर आणि कारंजा यांच्या आसपासून, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगावरून. मुंबईपासून दोन-तृतीयांश वाट संपलेली असते तेव्हा आपण येतो. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेल्वेच्या आधी हे अंतर बैलाच्या पायाने मोजलं जायचं. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून निघायचा. काही मुंबईकडे घाट उतरून, तर काही थेट उत्तरेला गंगेवरच्या मिर्झापूरला आणि तिथून नावेने कलकत्त्याला. लादलेला बैल दिवसाला आठ-दहा मैल चालायचा. म्हणजे महिना-दीड महिना वाट, वाटेत धूळ, आणि वळवाचा पाऊस गाठला तर गाठोडी भिजून माल गेला. ज्या बंजारा समाजाची काशी पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात आहे, तो समाज म्हणजे त्या काळची मालगाडी होता. मीठ, धान्य, कापूस, फौजेची रसद, सगळं त्यांच्या तांड्यांवर चालायचं. अंतर कमी झाल्याची किंमत सगळ्यांत आधी कोणी मोजली असेल तर त्यांनी. रेल्वे आली आणि बैलांचे तांडे रिकामे झाले. शाळेच्या पुस्तकात पहिल्या रेल्वेचा धडा असतो, पण पहिल्या रेल्वेने बेरोजगार केलेल्यांचा धडा माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली, ३४ किलोमीटर. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २१ मे १८५३ रोजी निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. कागदावर कारण होतं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीचं. पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना अमेरिकेशिवाय दुसरीकडचा कापूस हवा होता. १८४८ मध्ये जॉन ब्राइटच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश पार्लमेंटची एक समिती खास हिंदुस्थानच्या कापसावर बसली होती. त्यामुळे कापसाचा मुलूख हातात येणं आणि त्याच साली त्याच्या दिशेने रूळ पडायला लागणं, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जीआयपी रेल्वेने भुसावळवरून पूर्वेला मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असं करत १८६७ मध्ये नागपूर गाठलं. नंतरच्या काही वर्षांत जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे काढले, कारण तिथे कापसाच्या मोठ्या पेठा होत्या.

नकाशा उघडा आणि ही नावं एकामागून एक बघत जा. सगळी पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या मातीतली गावं. वाशीम, रिसोड, मालेगाव हा घाटावरचा भाग तसाच राहिला. वाशीमहून अकोल्याचं स्टेशन ८० किलोमीटर. बैलगाडीने चार दिवस. मुंबई–नागपूर अंतर रेल्वेने कितीतरी कमी झालं, आणि वाशीमहून त्या गाडीपर्यंत पोचायलाच चार दिवस. आपल्या भागाच्या दळणवळणाचा पुढचा सगळा इतिहास मला या एका आकड्यात दिसतो.

वाशीम काही आडगाव नव्हतं हो. दीड हजार वर्षांपूर्वी हेच वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातला हरिषेण राजा, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याची १६ नंबरची लेणी खोदवून घेतली. तेव्हा अंतरं वाशीमपासून मोजली जात असणार. इंग्रजांच्या काळातही ‘बासीम’ जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि अकोल्यात घातला. रेल्वे नसणं हे त्याचं कारण होतं असा पुरावा माझ्याकडे नाही, पण ज्या गावी रेल्वे त्या गावी कचेरी हा त्या काळाचा कल होता, एवढं कोणीही बघू शकतं. पुढे हिंगोलीच्या बाजूने रेल्वे आली ती मीटरगेज. अकोला–पूर्णा मार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं. आणि जिल्हा परत मिळाला १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं एकेका दाखल्यासाठी, एकेका कोर्टाच्या तारखेसाठी आपल्या बापजाद्यांनी अकोल्याचे हेलपाटे घातले. माझ्या वडिलांच्या पिशवीत अकोल्याच्या तारखेच्या दिवशी दोन भाकरी जास्त असायच्या, मुक्काम पडलाच तर असू द्या म्हणून.

आता विमानाकडे येतो, कारण या विषयातला सगळ्यात भारी किस्सा तिथेच आहे आणि आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना तो माहीत आहे.

हिंदुस्थानात विमानाने टपाल पहिल्यांदा गेलं १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून नैनीला. आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक, साडेसहा हजार पत्रं आणि अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, तेही टपाल घेऊनच. आधी माणसं नाही, पत्रं उडाली.

स्वातंत्र्य मिळालं, आणि एक साधी अडचण समोर आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ही चार शहरं देशाच्या चार कोपऱ्यांत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र कलकत्त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कसं मिळणार? प्रत्येक जोडीसाठी वेगळं विमान म्हणजे सहा मार्ग, खर्च परवडणारा नाही. उत्तर नकाशावरच होतं. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराच्या आत. त्या काळचं डाकोटा विमान तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जायचं. म्हणजे कुठूनही निघा, अडीच ते चार तासांत नागपूर.

मग ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. चार शहरांतून रात्री चार डाकोटा निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात, असं. की परत चारही विमानं आपापल्या गावी, उजाडायच्या सुमारास. विमानांत माणसांनाही जागा असायची आणि रात्रीचं भाडं कमी असायचं. अर्ध्या रात्री सोनेगावात उतरून, चहा पिऊन, दुसऱ्या विमानात बसायचं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून सरकारने ठरवलं की देशातल्या पत्रांना हवाई वाहतुकीचा जादा आकार लागणार नाही, जिथे विमानाने लवकर पोचेल तिथे विमानाने जाईल. साध्या माणसाचं साधं पत्र विमानात बसलं ते असं.

पहिल्याच वर्षी सेवेत खंडही पडला, कंपन्या बदलल्या. १९५३ च्या ऑगस्टमध्ये खासगी विमान कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि सेवा तिच्याकडे गेली. त्याच डिसेंबरात, १२ तारखेच्या रात्री, मद्रासकडे निघालेलं डाकोटा नागपूरहून उडताच कोसळलं. एकटा वैमानिक वाचला. रडारबिडार काही नसताना, रोज रात्री, पावसाळ्यातही, चार विमानं एका गावात उतरवायची आणि पुन्हा उडवायची म्हणजे काय काम होतं, याचा विचार करा. जवळपास पाव शतक ही सेवा चालली.

गंमत सांगतो. १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फेडेक्स नावाच्या कंपनीने मेम्फिस शहरातून कुरिअरचा धंदा सुरू केला. युक्ती काय? सगळी विमानं रात्री मधल्या एका गावात आणायची, पार्सलांची अदलाबदल करायची आणि पहाटे परत पाठवायची. व्यवस्थापनाच्या कॉलेजांत ही युक्ती फार मोठी कल्पना म्हणून शिकवतात. सोनेगावातले टपाल खात्याचे हमाल ती २४ वर्षं आधीपासून रोज रात्री राबवत होते.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. मुंबईहून निघालेलं ते डाकोटा रात्री कुठून जायचं? सरळ रेघ आठवा. पातूर-कारंज्याच्या आसपासून. मुंबई–कलकत्ता पत्र आपल्या डोक्यावरून जाऊन सकाळी कलकत्त्यात वाटलं जायचं, आणि मुंबईहून रिठदला टाकलेलं पत्र रेल्वेने अकोल्याला उतरून, तिथून मोटारीने वाशीम आणि वाशीमहून पायी, सायकलने, जमेल तसं यायचं. कलकत्ता मुंबईला रिठदपेक्षा जवळ झालं होतं. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं, योजना उत्तमच होती. पण दोन टोकं जवळ आली की मधलं आपोआप जवळ येतं असं सगळे धरून चालतात, आणि ते तसं होत नाही.

याच नागपूर–मुंबई अंतरावर महाराष्ट्राचं राजकारणही उभं राहिलंय. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काय सांगतो? विदर्भ मराठी राज्यात येईल, पण वर्षातून एकदा सरकार नागपूरला येईल आणि अधिवेशन तिथे होईल. म्हणजे करार करणाऱ्यांना अंतराची भीती होती. राजधानी आठशे किलोमीटर दूर गेली तर आपलं ऐकणार कोण? १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली होती. झालं उलटं. १९५६ मध्ये नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं ते गेलं, आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशन सुरू झालं. आता मंत्री दीड तासात येतात आणि थोड्याच दिवसांत परत जातात. लोक मात्र मोर्चे घेऊन आपापल्या गावाहून, मिळेल त्या गाडीने आणि शेवटी पायीच येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. त्यांचं स्मारक नागपूरला झिरो माइलच्या जवळ आहे. ज्या दगडाला देशाचा मध्य म्हणतात आणि जिथून अंतरं मोजतात, त्याच्या शेजारी.

अंतर मोजण्यावरून आठवलं. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा कर्नल लॅम्बटन दक्षिणेतून मोजत मोजत आपल्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वीस वर्षं साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन फिरला तो माणूस. तेव्हा अक्षांश-रेखांशाच्या एकेका आकड्यामागे असा घाम गेलाय, आणि आपण बोट फिरवून दोन सेकंदात उत्तर मागतो. चालायचंच.

आणि एक रात्र सांगितल्याशिवाय सोनेगावचा विषय सोडवत नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब दिल्लीत गेले. त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईला नेलं तेव्हा ते विमान वाटेत नागपूरला उतरलं. थंडीच्या रात्री लोक धावपट्टीवर दर्शनाला जमले होते. २००५ मध्ये त्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विमानतळ म्हटलं की तिकीट नाही, ती रात्र आठवते.

आता समृद्धी. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, मग टप्प्याटप्प्याने पुढे, आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. दहा जिल्हे, त्यात आपला वाशीमही आहे: कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुके. सोळा तासांचे आठ तास झाले असं सांगतात, आणि चारचाकी चांगली असेल तर ते खोटं नाही. मी स्वतः गेलोय. रस्ता उत्तमच आहे. इतका सरळ की डोळा लागतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं जळाली, ती बातमी करताना हात थरथरत होते. ती मजकुरापुरती बातमी नव्हती, आपल्याच विदर्भातली पोरं पुण्याला नोकरी-शिक्षणाला निघाली होती.

पण या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. ऑटोला, ट्रॅक्टरला बंदी आहे. वेगाचा रस्ता आहे, बंदी बरोबरच आहे. फक्त रिठदमध्ये किती घरांपुढे चारचाकी उभी असते ते मोजा आणि किती घरांपुढे दुचाकी, तेही मोजा. आपल्याला मालेगाव किंवा मेहकरच्या बाजूने वर चढायचं. तिथपर्यंत स्वतःच्या साधनाने जायचं, दुचाकी कुठेतरी ओळखीच्या हॉटेलमागे लावायची आणि पुढे कोणी घेईल त्याची वाट बघायची. रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो आणि आपण त्याच्या कडेला उभे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराला मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. कंपनी विमानाचं तिकीट देणार होती, घरात पहिल्यांदाच विमान. तो मला म्हणाला, “भाऊ, फक्त दीड तास दाखवते. सकाळी निघालो तर जेवायला घरी येतो पाय!” मी वही काढली. रिठदहून नागपूरचं विमानतळ, चांगली गाडी असली तरी चार-साडेचार तास. दोन तास आधी हजर राहायचं. विमान दीड तास. मुंबईला उतरून बाहेर पडून कंपनीच्या दारात जायला दीड-दोन तास. झाले की नाही नऊ-दहा तास? त्यात उडण्याचे दीड. आणि सगळ्यात मजा म्हणजे मुंबई पश्चिमेला, तर हा पोरगा आधी अडीचशे किलोमीटर पूर्वेला जाणार, मग विमानात बसून आपल्याच जिल्ह्यावरून परत पश्चिमेला उडणार. खिडकीतून कारंजा दिसलं तर हात दाखव म्हटलं त्याला.

शेवटी तो अकोल्याहून रात्रीच्या रेल्वेने गेला. वेळ जवळजवळ तेवढाच, आणि झोप झाली.

जवळचं विमानतळ नाही का? आहे की. अकोल्याला शिवणीचं विमानतळ १९४३ चं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यापेक्षा चार वर्षांनी मोठं. धावपट्टी चौदाशे मीटरची. एटीआर-७२ सारख्या प्रवासी विमानाला नियमित सेवेसाठी त्याहून लांब पट्टी लागते. शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन, आणि विस्ताराचा विषय मी पत्रकारितेत आलो तेव्हापासून चालू आहे. माझे केस पांढरे झाले. दरम्यान अमरावतीच्या बेलोऱ्याला १८५० मीटरची पट्टी झाली आणि १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरूही झालं. त्याचं मनापासून अभिनंदन, वाशीमहून बेलोरा दीडशे किलोमीटरच्या आत आहे, नागपूरपेक्षा बरंच. नांदेडही वाशीमहून सव्वाशेच्या आसपास. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतली देशातली पहिली विमानं सुटली त्यात नांदेड–हैदराबाद होतं, तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांची मर्यादा. पण त्या सेवा कंपनीच्या तब्येतीप्रमाणे चालू-बंद होतात, आणि मुलाखतीची तारीख तर कंपनीच्या तब्येतीकडे बघून येत नाही.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला विमान कशाला? मीही विमानाचाच हट्ट धरत नाही. रात्री दोन वाजता एखाद्या बाईची प्रसूती अडते आणि डॉक्टर सांगतात, अकोल्याला न्या. त्या वेळी ८० किलोमीटर म्हणजे काय, हे ज्याने गाडीच्या मागच्या सीटवर बसून अनुभवलंय त्याला विचारा. २०२४ पासून वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. ते पूर्ण ताकदीने चाललं, डॉक्टर आले आणि टिकले, तर रिठदच्या माणसासाठी ते कोणत्याही धावपट्टीपेक्षा मोठं अंतर कमी करेल. माझ्या हिशोबात त्याचा नंबर पहिला. दुसरा नंबर समृद्धीच्या चढण्या-उतरण्याच्या जागांपर्यंत वेळेवर धावणाऱ्या बसचा, आणि तिथे सुरक्षित थांब्याचा, दिव्यासकट. शिवणीची धावपट्टी तिसरी. क्रमावर वाद घालायला माझी हरकत नाही.

प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर एक ओळ असते: अमुक ते तमुक प्रवासाचा वेळ इतक्या तासांनी कमी. त्या अमुक-तमुकच्या जागी नेहमी मोठी शहरं असतात. कधी रिठद ते मुंबई, कधी मानोरा ते नागपूर, कधी शिरपूर ते अकोल्याचा दवाखाना असं छापलेलं बघितलंय कोणी? हा आकडा सरकार काढत नसेल तर आपण काढू. पंचवीस-तीस गावांचा तक्ता झाला की छापतो, आणि जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत सदस्यांच्या हातात देतो.

म्हणून एवढं करा. खाली लिहा: गावाचं नाव, कुठे गेलात, घराचं दार ओढलं तेव्हापासून पोचेपर्यंत किती तास, किती गाड्या बदलल्या आणि किती रुपये लागले. गेल्या दोन वर्षांतलाच प्रवास सांगा, आजोबांच्या काळातला नको. परतीचा वेळ वेगळा असेल तर तोही. पहिली नोंद त्या पोराची घालतो: रिठद ते मुंबई, दोन गाड्या आणि एक रेल्वे, चौदा तास.